सशाचें घर

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं जण मनांतल्या मनांत हंसले असतील. जगांत एवढे मोठमोठे प्रश्न पडलेले असतांना एका सेवानिवृत्त मास्तरानें सशाच्या खुराड्यावर बोलावें, हें जरा विचित्र दिसतें खरें. परंतु ज्या घरांत लहान मूल आहे, त्या घरांत केव्हां ना केव्हां ससा येण्याचा संभव असतोच. तो वाढदिवसाला येतो, परीक्षेच्या बक्षिसादाखल येतो, शेजारी बदली होऊन जातांना ठेवून गेले म्हणून येतो. येतो तेव्हां बहुधा जोड्यांच्या खोक्यांत बसून येतो आणि पहिली रात्र न्हाणीघरांत काढतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं प्रश्न उभा राहतो, 'याला ठेवायचें कोठें?' या प्रश्नाचें उत्तर मीं एकदां चुकीचें दिलें, आणि त्या चुकीची किंमत एका मुक्या जिवाला द्यावी लागली. तसें आणखी कोणाच्या घरीं होऊं नये, एवढ्याचसाठीं आज मी आपल्यापुढें बोलत आहें.

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पशुवैद्य नाहीं, सुतारही नाहीं. छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत, प्राथमिक शाळेंत मुलांना शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. सिडकोच्या वसाहतींत आमचें लहानसें बैठें घर आहे आणि मागें दहा हात लांब व सहा हात रुंद एवढें अंगण आहे. नातीच्या सातव्या वाढदिवसाला त्या अंगणांत दोन ससे आले. एक पांढराशुभ्र, त्याचें नांव तिनें चांदोबा ठेविलें. दुसरी करड्या रंगाची, ती भुरी.

खुराडें मींच बांधलें. लहानपणीं गांवीं कोंबड्यांचीं खुराडीं पाहिलेलीं होतीं, तोच नमुना डोळ्यांपुढें ठेविला. वर पत्रा, समोर कोंबड्यांची बारीक तारेची जाळी, आंत एकच खण. बाहेरून हिरवा रंग दिला आणि पूर्वेकडील भिंतीला टेकवून, पश्चिमेकडे तोंड करून तें ठेविलें. कारण तेथें ठेविलें म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकींतून छान दिसे. शेजारीपाजारी येऊन पाहून गेले. 'मास्तर, राजवाडा केलात हो सशांना,' असें म्हणाले. मलाही तें खरें वाटलें.

मे महिन्यांतील एका रविवारीं आम्ही सर्व मंडळी जालन्यास लग्नाला गेलों. निघतांना दोघांपुढें गाजरें ठेविलीं, वाटीभर पाणी ठेविलें. परतलों तेव्हां पांच वाजून गेले होते. पाण्याची वाटी उपडी पडलेली होती. पत्र्याला हात लावला तों चटका बसला. भुरी तोंड उघडें टाकून धापा टाकीत होती. चांदोबा कोपऱ्यांत आडवा पडला होता. भुरी वांचली. चांदोबा गेला.

रडणें आटोपल्यावर नातीनें मला एकच प्रश्न विचारला. "आजोबा, त्यानें हांक कां नाहीं मारली?"

मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देण्यांत माझा जन्म गेला, परंतु या प्रश्नाला मला उत्तर सुचलें नाहीं. पुढें पुस्तकें वाचलीं, जनावरांच्या डॉक्टरांना विचारलें, तेव्हां तें कळलें. कुत्रा भुंकतो, मांजर दारावर नखें ओढतें, गाय दावणीला हंबरते. ससा तसें कांहीं करीत नाहीं. दुसऱ्यांचें भक्ष्य होऊन राहिलेला हा प्राणी. आपण दुबळे आहों, आजारी आहों, असें त्यानें दाखविलें तर शिकाऱ्याला तें आमंत्रणच ठरतें. म्हणून दुःख लपविणें हें त्याच्या रक्तांत भिनलेलें आहे. प्राणांतिक भीति किंवा असह्य वेदना झाली तरच तो किंकाळी फोडतो. एरवीं तहान, उकाडा, पोटदुखी सारें मुकाट्यानें सोसतो. तेव्हां जें तो मागणार नाहीं, तें त्याच्या घरानेंच त्याला आधीं दिलेलें असलें पाहिजे. सशाचें घर बांधण्याचें सगळें शास्त्र या एका वाक्यांत आहे, असें मला आतां वाटतें.

घर बांधावयाचें तर राहणारा कोण, हें प्रथम ओळखावयास हवें. येथें आपल्या भाषेनें थोडा घोटाळा करून ठेविला आहे. आपल्या माळरानावर तुरीच्या शेतांतून उड्या मारीत पळतो त्यालाही आपण ससा म्हणतों आणि बाजारांत टोपलींत बसलेल्या पांढऱ्या लाल डोळ्यांच्या प्राण्यालाही ससाच म्हणतों. मीं स्वतः कित्येक वर्षें वर्गांत दोघांना एकच समजून शिकविलें. वस्तुतः ते निराळे प्राणी आहेत. रानससा बीळ करीत नाहीं. झुडुपाच्या आडोशाला उथळ खळग्यांत बसतो, आणि त्याचीं पिलें जन्मतःच अंगावर लव असलेलीं व डोळे उघडे असलेलीं असतात. पाळीव ससा मूळचा स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रान्सचा नैर्ऋत्य भाग या प्रदेशांतला. तो जमिनींत बिळें करून कुटुंबानें राहणारा. त्याचीं पिलें उघडीं, आंधळीं अशीं बिळाच्या काळोखांतच जन्मतात. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. त्याला पकडणें किंवा घरीं पाळणें हा गुन्हा आहे. तेव्हां शेतावरून कोणी रानसशाचें पिलू मुलांसाठीं उचलून आणलें, तर कौतुक न करतां वनखात्यास कळवावें.

पाळीव ससा बिळांत राहणारा आणि थंड हवेचा, या दोन गोष्टी ध्यानांत घेतल्या म्हणजे पुढचें बरेंचसें आपोआप समजतें. पंधरा ते वीस अंश उष्णता त्याला मानवते. पारा तिसाच्या वर गेला कीं त्याला त्रास सुरू होतो, आणि पस्तिसाच्या वर तर जिवावरच बेततें. आपल्यासारखा त्याला घाम येत नाहीं. अंगांतली उष्णता बाहेर टाकण्यास त्याच्यापाशीं मुख्य साधन म्हणजे त्याचे लांब कान. त्यांतील रक्तवाहिन्यांवाटे ती बाहेर पडते. पण बाहेरची हवाच अंगापेक्षां तापलेली असली तर कान तरी काय करणार? केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनें सशांचीं केंद्रें उघडलीं तीं हिमाचलांत कुलूजवळ गडसा येथें आणि तामिळनाडूंत कोडाईकॅनॉलच्या डोंगरांतील मन्नवनूर येथें, हें या दृष्टीनें बोलकें आहे. आणि आपल्या शहरीं मे महिन्यांत पारा चाळिसापर्यंत चढतो! म्हणजे आपण जणूं काश्मीरचा पाहुणा मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत ठेवून घेतला आहे. त्याची व्यवस्था तशीच चोख हवी.

आतां पहिला प्रश्न जागेचा. संभाजीनगरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत एके दिवशीं सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सांवली नाहींशी होते. शाळेच्या पटांगणांत हा प्रयोग मीं मुलांना अनेकदां करून दाखविला. परंतु सशाचें खुराडें बांधतांना त्याची आठवण मला झाली नाहीं! दुपारीं ऊन येतें तें सरळ छपरावर, आणि दुपारनंतर पश्चिमेच्या बाजूनें तिरपें आंत शिरतें. पावसाचे सपकारेही मुख्यतः पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतात. म्हणून सशाच्या घराची पाठ पश्चिमेला असावी, दक्षिणेची बाजूही फळ्यांनीं बंद असावी, आणि उघडें तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला असावें. सकाळचें कोंवळें ऊन त्याला सुखाचें होतें, आणि तें खुराड्यांत आलें म्हणजे आंतील ओलही मरते. एखाद्या दाट झाडाची सांवली मिळाली तर सोन्याहून पिवळें. लिंबाची, आंब्याची सांवली उत्तम. मात्र कण्हेर, रुई आणि घाणेरी यांच्याजवळ खुराडें ठेवूं नये. या वनस्पति विषारी आहेत, आणि वाऱ्यानें आंत पडलेलें पान ससा चघळून पाहिल्यावांचून राहत नाहीं.

दुसरा प्रश्न छपराचा, आणि आमच्या गांवीं सर्वांत महत्त्वाचा हाच. आपल्या शहरांतील पाणचक्की पुष्कळांनीं पाहिली असेल. डोंगरांतून मातीच्या नळांनीं आणलेलें पाणी जेथें सांठविलें जाई, तो मोठा हौद पाहून लोक परत फिरतात. पण त्या हौदाखालीं एक प्रशस्त दालन आहे. हौदाचा तळ हेंच त्या दालनाचें छत. पाणी डोक्यावर आणि माणूस खालीं, अशी ती योजना. बाहेर ऊन रणरणत असलें तरी खालीं उतरणाऱ्याचा जीव निवावा हा तिचा हेतु. खेड्यांतील आपलीं माळवदाचीं घरेंही त्याच विचारानें बांधलेलीं. लांकडी सऱ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो, त्यामुळें ऊन वरच्यावर अडतें. आमच्या वाडवडिलांना जें कळत होतें, तें मीं सशाच्या डोक्यावर नुसता पत्रा टाकून विसरलों.

यास्तव छप्पर दुहेरी करावें. आंतलें छप्पर लांकडी फळ्यांचें; त्यावर चार बोटें मोकळी जागा सोडून वर कौलें, किंवा कौलें न मिळाल्यास बांबूचा तट्ट्या. मधल्या पोकळींतून वारा खेळतो आणि वरच्या थराची धग खालीं पोंचत नाहीं. छप्पर चारी बाजूंनीं एक वीतभर पुढें आलेलें असावें, आणि मागील बाजूस उतार असावा, म्हणजे पागोळ्या दाराशीं पडत नाहींत. उन्हाळ्यांत वर गोणपाट ओलें करून टाकावें, पुढल्या बाजूस वाळ्याचा पडदा सोडावा. एप्रिल-मे महिन्यांत आपली हवा कोरडी असते. पाणी भराभर उडून जातें आणि उडतांना आंतली उष्णता घेऊन जातें. माठाचें पाणी थंड होतें तें याच न्यायानें. परंतु पहिला पाऊस पडला कीं गोणपाट व पडदा दोन्ही काढून टाकावीं. दमट हवेंत पाणी उडत नाहीं. मग गारवा तर मिळत नाहींच, उलट बुरशी मात्र धरते.

आतां प्रत्यक्ष बांधणीकडे वळूं. कागद-पेन्सिल जवळ असल्यास मापें टिपून घ्यावींत.

दोन सशांसाठीं खुराड्याची लांबी सहा फूट, रुंदी अडीच फूट, समोरील उंची तीन फूट व मागील उंची अडीच फूट धरावी. हीं मापें कमींत कमी आहेत. सशाला सलग तीन उड्या मारतां आल्या पाहिजेत, आणि मागच्या पायांवर उभें राहून, कान ताठ करून इकडेतिकडे पाहतां आलें पाहिजे. तेवढी मोकळीक नसली तर पाठीचा कणा वांकडा होण्याची भीति असते. इंग्लंडांतील सशांच्या हितासाठीं झटणारी एक मोठी संस्था तर म्हणते कीं, दोन सशांना दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच एवढी जागा सदोदित मोकळी असावी; नुसतें खुराडें पुरें नव्हे. आपल्याकडेही १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणें, ज्यांत प्राण्याला पुरेशी हालचाल करतां येत नाहीं अशा पिंजऱ्यांत त्याला ठेवणें हा अपराध आहे. बाजारांत मिळणारे दीड हाती पिंजरे पाहिले म्हणजे या कायद्याची आठवण होते.

खुराड्याचे दोन खण पाडावे. चार फुटांचा खण समोरून जाळीचा, हवेशीर. दोन फुटांचा खण चारी बाजूंनीं बंद, काळोखा, वरच्या अंगाला दोन-चार वायुछिद्रें असलेला. मधल्या फळीला आठ इंचांचें भोंक ठेवावें. बंद खण म्हणजे त्याचें बीळ. मांजराची चाहूल लागली, फटाके वाजले, आभाळ गडगडलें, कीं तो तेथें जाऊन दडतो. दडावयास जागा नसली तर निव्वळ धास्तीनेंही ससा प्राण सोडतो. माझ्या पहिल्या खुराड्यांत असा खण नव्हता; आम्ही ज्याला हवेशीरपणा म्हणत होतों, तो त्या बिचाऱ्यांना उघडेपणा वाटत असला पाहिजे.

लांकूड नवेंच पाहिजे असें नाहीं. जुन्या वाड्यांचें उतरलेलें सागवान वखारींत मिळतें, तें चौकटीला उत्तम. सशाचे दांत जन्मभर वाढत असतात, म्हणून तो कांहीं ना कांहीं कुरतडीत राहणारच. हा त्याचा खोडकरपणा नव्हे, गरज आहे. यासाठीं आंतल्या बाजूस रंग बिलकुल देऊं नये. बाहेरून कच्चें जवसाचें तेल दोन हात द्यावें आणि तें पूर्ण वाळल्यावरच ससे आंत सोडावे. कुरतडावयास पेरूची एखादी डहाळी रोज आंत टाकली तर चौकटीचें आयुष्य वाढतें.

जाळीच्या बाबतींत काटकसर करूं नये. कोंबड्यांची षट्कोनी जाळी कोंबडीला आंत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवूं शकत नाहीं, आणि ससा ती दांतांनीं तोडतो. सांधे जोडलेली जाड तारेची, अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोंकांची जाळी घ्यावी. भोंक याहून मोठें असलें तर साप आणि उंदीर आंत शिरतात. जाळी चौकटीच्या आंतील बाजूनें लावावी, म्हणजे लांकडाच्या कडा दांतांखालीं येत नाहींत. आणि ती खिळ्यांनीं नव्हे तर रुंद वॉशर घातलेल्या स्क्रूंनीं आवळावी. दाराला एक कडी पुरत नाहीं; वर एक आणि खालीं एक असे दोन बोल्ट हवेत. आमच्या दुसऱ्या खुराड्यावर एके रात्रीं शेजारचा बोका तासभर झटत होता. सकाळीं दाराच्या लांकडावर त्याच्या नखांचे ओरखडे दिसले. भुरी मात्र बंद खणांत सुखरूप होती.

तळ जाळीचा करूं नये. मांजर-कुत्र्याप्रमाणें सशाच्या तळपायाला गादी नसते, नुसती केंसांची लव असते. तारेवर बसून बसून तेथें जखमा होतात आणि त्या चिघळतात. लांकडी फळ्या पाव इंच फटी ठेवून बसवाव्या, मागील बाजूस किंचित् उतार द्यावा, आणि वर वाळलेल्या गवताचा चार बोटें जाड थर पसरावा. फळ्यांच्या खालून मात्र तीच अर्ध्या इंची जाळी ठोकावी, म्हणजे घुशींना वाट राहत नाहीं. ससा लघवीला बहुधा एकच कोपरा धरतो. तो कोपरा ओळखून तेथें एक पसरट घमेलें ठेवावें आणि रोज सकाळीं तें धुवावें. मूत्राच्या उग्र वासानें त्याच्या नाकाचे व फुप्फुसांचे विकार बळावतात. पावसाळ्यांत तर याहून मोठें संकट येतें. अंगाला घाण चिकटून राहिली तर तीवर माशा अंडीं घालतात, आणि दिवसाभरांत आळ्या पडून त्या जिवंत सशाचें मांस पोखरूं लागतात. म्हणून जुलै-ऑगस्टांत रोज दोन वेळां सशाला उचलून त्याची मागील बाजू पाहावी. हें काम किळसवाणें वाटेल, पण तें टाळूं नये.

खुराडें जमिनीपासून अडीच फूट उंच पायांवर असावें. ओल, साप, विंचू यांपासून तें दूर राहतें, आणि आपणांसही झाडतांना वांकावें लागत नाहीं. आपल्या आजीच्या वेळीं दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्यानें भरलेल्या वाट्यांत ठेवीत. तसेंच येथें करावें, म्हणजे मुंग्या चढत नाहींत. त्या वाट्यांतील पाणी मात्र आठवड्यांतून दोनदां बदलावें. नाहीं तर सशाचे लाड करतां करतां डासांची पैदास व्हावयाची.

इतकें झालें तरी सहा फुटांच्या खोलींत कोणाचा जन्म कंठेल? सकाळ-संध्याकाळ त्यांना अंगणांत मोकळें सोडलें पाहिजे. त्यासाठीं जाळीचें एक फिरतें कुंपण करावें, वरूनही जाळी असलेलें, कारण घारी व कावळे टपलेलेच असतात. कुंपणाची जाळी खालीं एक फूटभर बाहेरच्या अंगाला वळवून जमिनीवर पसरावी आणि तीवर विटा ठेवाव्या. ससा कडेशीं उकरूं लागला कीं ही जाळी आड येते. त्याच्या उकरण्याला कमी लेखूं नका. १८५९ सालीं ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतांत थॉमस ऑस्टिन नांवाच्या जमीनदारानें शिकारीच्या हौसेखातर थोडे ससे रानांत सोडले. पुढें त्यांनीं शेतें आणि कुरणें फस्त केलीं, आणि १९०१ ते १९०७ या काळांत पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारला त्यांना अडविण्यासाठीं शेंकडों मैल लांबीचें कुंपण घालावें लागलें. तेंही पुरें पडलें नाहीं! आपल्या अंगणांतही नर-मादीची जोडी ठेवाल तर सुमारें एकतीस दिवसांत पांच-सात पिलें होतात, आणि तीं सांभाळतां सांभाळतां मादी पुन्हां गाभण राहिलेली असते. विकणारा सांगेल त्यावर विसंबूं नये. नर कोणता, मादी कोणती, हें डॉक्टरांकडून तपासून घ्यावें, आणि त्यांच्या सल्ल्यानें शस्त्रक्रिया करून घ्यावी. एकटा ससा मात्र ठेवूं नये, तो कुढतो.

खाण्याविषयीं दोनच शब्द. चित्रांत पाहून आपण सशाला गाजर चारतों. पण गाजर हें त्याच्या लेखीं मिठाई आहे. त्याचें खरें अन्न गवत. मारवेल, हराळी, असें गवत ताजें किंवा वाळवून चोवीस तास पुढें असावें; त्यानें दांत झिजतात आणि पोट चालतें. जोडीला मूठभर कोथिंबीर, मुळ्याचा पाला. कांदा, लसूण, बटाट्याचा व टोमॅटोचा पाला कधींही देऊं नये. पाण्याचें भांडें जड मातीचें, रुंद बुडाचें असावें, आणि तशीं दोन असावींत; एक लवंडलें तर दुसरें शिल्लक राहतें. माझ्या त्या एका वाटीची आठवण झाली म्हणजे हें वाक्य मी दोनदां सांगतों. दोन भांडीं असावींत.

आतां शेवटची आणि सर्वांत प्रांजळ गोष्ट. वर सांगितल्याप्रमाणें सारें केलें, तरी चैत्र-वैशाखाच्या दुपारीं तेवढें पुरत नाहीं. मार्चअखेरपासून पहिला पाऊस होईपर्यंत सकाळीं अकरा ते संध्याकाळीं पांच ससे घरांतच आणावे. फरशीचा एखादा काळोखा कोपरा त्यांना पुरतो. बाटलींत पाणी गोठवून, ती फडक्यांत गुंडाळून जवळ ठेविली, तर ते तिला टेकून पडतात. ससा तोंड उघडून श्वास घेऊं लागला, लाळ गाळूं लागला, कान तापले, अंग टाकून पडला, कीं तो उन्हाचा झटका समजावा. ताबडतोब सांवलींत घ्यावें, साध्या गार पाण्यानें कान ओले करावे आणि तडक डॉक्टरांकडे न्यावें. बर्फाच्या पाण्यांत बुडवूं नये. त्या धक्क्यानेंच तो जाण्याचा संभव असतो.

श्रोतेहो, ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षें जगतो. म्हणजे तो आणतांना मूल दुसरींत असलें, तर तें शाळा संपवून बाहेर पडेपर्यंत तुमच्या अंगणांत राहणार. मुलाची हौस वर्ष-सहा महिन्यांत ओसरते. तेव्हां ससा आणावयाचा तो घरांतील मोठ्या माणसानें, स्वतःच्या जबाबदारीवर. तेवढी तयारी नसेल तर न आणणें हीसुद्धां भूतदयाच होय, आणि त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

आमचें दुसरें खुराडें मीं आणि नातीनें मिळून बांधलें. मापें तिनें घेतलीं, जाळीचे वॉशर तिनें मोजून दिले. सुताराला बोलावलें तें फक्त छपरासाठीं. रंग दिलेला नाहीं, शोभिवंतही दिसत नाहीं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकींतून तर दिसतच नाहीं, कारण तें आतां पश्चिमेच्या भिंतीलगत, लिंबाखालीं आहे. भुरीला एक सोबतीण आणली आहे. उन्हाळ्यांत अकरा वाजले कीं नात शाळेंतून आलेली असो वा नसो, मी उठतों आणि दोघींना आंत आणतों. पूर्वी मला त्यासाठीं घड्याळाकडे पाहावें लागे, आतां लागत नाहीं. त्या हांक मारीत नाहींत. पण न मारलेली हांक ऐकण्याची संवय या वयांत मला थोडीशी लागली आहे.